गोड्या पाण्याची पाहुणी

बोटीवर राहणाऱ्या माणसाला लोक पहिल्यांदा विचारतात ती बोटीची लांबी. ३४ फूट, असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर थोडा आदर उमटतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढे ३४ फुटी दिवाणखाना उभा राहिलेला असतो. रुंदी कुणी विचारत नाही, हे आमच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने बरंच आहे. मधोमध जेमतेम ११ फूट फुगलेली आणि दोन्ही टोकांकडे, एखादी बढाई हळूहळू ओसरावी तशी, निमुळती होत गेलेली ही जागा. तिच्यात एक बैठक, दोन शेगड्यांचा ओटा, नकाशे पसरायचं टेबल, इंजिन, संडास आणि दोन झोपायच्या जागा बसवलेल्या आहेत, आणि यातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाचं तरी झाकण आहे. बसायच्या गादीखाली पाण्याची टाकी, जिन्याच्या पायऱ्यांमागे इंजिन, पायांखालच्या फळीखाली कांदे-बटाटे. मीठ हवं असेल तर दोन माणसांना उठावं लागतं. नवरा-बायको अशा जागेत सुखाने नांदतात याचं श्रेय लोक प्रेमाला देतात. खरं म्हणजे दोघांपैकी एक जण बहुतेक वेळ वर डेकवर असतो.

अशा घरात पाहुणा येणार म्हटलं की आम्ही दोघं आधी एकमेकांकडे आणि मग त्या पुढच्या त्रिकोणी खोलीकडे बघतो. बोटीच्या नाळेतली ही खोली पाहुण्यांची. तिथला बिछाना डोक्याकडे रुंद आणि पायांकडे टोकदार, त्यामुळे झोपणाऱ्याचे पाय रात्रभर हात जोडल्यासारखे राहतात. एरवी तिथे शिडं, दोर, रंगाचे डबे आणि पुढच्या वर्षी नक्की दुरुस्त करायच्या वस्तू असतात. त्या काढल्या की ठेवायच्या कुठे, या प्रश्नाला उत्तर नाही. त्या फक्त फिरत राहतात.

आमची बोट इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या फालमथच्या बंदरात, एका तरंगत्या धक्क्याला चार दोरांनी बांधलेली असते. मोठं जुनं बंदर. १८०५ साली ब्रिटिश आरमाराने ट्रफल्गारची लढाई जिंकल्याची आणि त्याच लढाईत त्याचा सेनापती नेल्सन पडल्याची बातमी 'पिकल' नावाच्या एका चिमुकल्या जहाजाने पहिल्यांदा इथे आणली. तिथून ती घेऊन एक अधिकारी वाटेत एकवीस ठिकाणी घोडे बदलत लंडनकडे पळाला. बातम्यांचा तो वेग या धक्क्याने अजून सोडलेला नाही. लातूरहून आलेली माझी आत्या चार दिवस राहायला येणार, हे मी सकाळी शेजारच्या बोटीवरच्या म्हाताऱ्यांना सांगितलं. दुपारी बंदराच्या कचेरीतली मुलगी मला विचारत होती की तुमच्या आत्याला जिना उतरायला जमेल ना.

आत्या आली होती रेडिंगला, लेकीकडे. आलेच आहे तर भाच्याचं घर बघून येते, असं तिने ठरवलं, आणि आत्याने ठरवलं की ते ठरलेलं असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयातभर भूगोल शिकवून ती निवृत्त झाली. भरती-ओहोटीचा धडा तिने मोसंबं, लिंबू आणि वर्गातला सर्वांत खोडकर मुलगा यांच्या मदतीने पिढ्यान्‌पिढ्या शिकवला. खोडकर मुलगा चंद्र व्हायचा, म्हणजे त्याला सतत फिरत ठेवता यायचं. प्रत्यक्ष समुद्र मात्र तिने दोनदाच पाहिला होता, आणि दोन्ही वेळा शाळेच्या सहलीतली डोकी मोजत. ज्याला पोरं मोजायची आहेत त्याला क्षितिज दिसत नाही.

बोटीवर येणाऱ्याने बॅग मऊ आणावी, रिकामी झाल्यावर घडी होणारी, हा जगभरच्या बोटवाल्यांचा नियम. मी फोनवर तीनतीनदा सांगितलं होतं. आत्या ट्रुरोला गाडी बदलून फालमथच्या छोट्या स्टेशनात उतरली तेव्हा तिच्यासोबत वांगी रंगाची, चार चाकांची, कवटीसारखी टणक बॅग होती. "मऊमध्ये पापड मोडतेत," ती म्हणाली. त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

वेळ ओहोटीची होती. आमचा धक्का उंच खांबांच्या आधाराने पाण्याबरोबर वर-खाली होतो, आणि किनाऱ्यावरून त्याच्यावर उतरायला एक लांब लोखंडी पूल आहे. भरतीला हा पूल सपाट असतो, अगदी सभ्य. ओहोटीला तोच पूल घसरगुंडी होतो. बॅगेला चार चाकं आणि स्वतःची मतं होती. ती आमच्या पुढे निघाली आणि खाली शेजारच्या म्हाताऱ्यांनी ती, जणू रोज या वेळेला एक बॅग येतेच, अशा शांतपणे अडवली. आत्याचं तिकडे लक्षच नव्हतं. ती पुलाच्या मध्यावर कठडा धरून उभी होती आणि खांबांवरची हिरवी-काळी ओल बघत होती. पाणी किती चढतं याची खूण तिथे शेवाळाने करून ठेवलेली असते. बरंच उंच, तिच्या डोक्याच्याही वर.

"एवढं?"

"उधाणाला साडेचार मीटरच्या वर जातं."

"दिवसातून दोनदा?"

"दोनदा."

"आणि हे सगळे लोक," तिने धक्क्यावरच्या बोटींकडे हात केला, "दोनदा वर जातेत नि दोनदा खाली येतेत? घरात बसल्या बसल्या?" मी हो म्हणालो. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या पोराला मी उगीच पळवलं वर्गात. इथं आणायला पाहिजे होतं."

बोटीवर पाय ठेवण्याआधी तिने चपला काढल्या. मी सांगायच्या आधीच. बोटीवर डेकला ओरखडे पडू नयेत म्हणून बाहेरचं पायताण चालत नाही; पण इंग्लंडात आल्यापासून तिला कुणाच्याच दारात चपला काढू दिल्या नव्हत्या म्हणे, सगळे 'राहू द्या, राहू द्या' म्हणायचे आणि तिला ते मनातून पटायचं नाही. धक्क्यावर ओळीने ठेवलेले बूट बघून तिला या वस्तीबद्दल जो आदर वाटला, तो शेवटपर्यंत टिकला.

बॅगेतून ज्वारीचं पीठ, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, बाजरीच्या खारोड्या, आमच्याकडची तूरडाळ, कालनिर्णय आणि एक पितळी तांब्या निघाला. या सगळ्याला जागा शोधताना मला घाम फुटला, तिला मात्र हुरूप आला. बोटीत कुठल्या फळीखाली काय आहे याची यादी ठेवावी लागते, नाहीतर वस्तू बोटीसोबत जगभर फिरतात आणि सापडत नाहीत. आमची यादी होती, पण ती कुठे आहे हे यादीत नव्हतं. आत्याने माझ्या बायकोकडून एक वही घेतली, समासाची रेघ मारली आणि शाळेच्या पोषण आहाराचं साठा रजिस्टर ती ज्या हाताने भरायची त्याच हाताने नोंदी सुरू केल्या: कप्पा, वस्तू, वजन, शिल्लक, शेरा. एका कप्प्यापुढे तिने शेरा लिहिला, 'गंजके खिळे. कशाला?' रिकामी बॅग मात्र कुठल्याही कप्प्यात बसेना. तिला शेवटी किनाऱ्यावरच्या लाँड्रीत, कपाटाच्या डोक्यावर आश्रय मिळाला.

आता पाण्याचं सांगायला हवं.

बोटीवर राहणाऱ्या प्रत्येकाकडे पाहुण्यांसाठी पाण्यावरचं एक भाषण तयार असतं. आमच्या टाकीत २०० लिटर मावतात. नळ सोडून दात घासायचे नाहीत. अंघोळीत अंग भिजवायचं, नळ बंद, साबण लावायचा, मग नळ. भांडी आधी पुसायची, मग धुवायची. बायकोच्या नात्यातल्या एका मुलीने एकदा केस धुतले तेव्हा टाकी रिकामी झाल्याचं आम्हाला पंपाच्या घशातून आलेल्या कोरड्या घरघरीवरून कळलं, आणि तेव्हापासून या भाषणात थोडी धमकीही आली. यातली गंमत अशी की धक्क्यावर दहा पावलांवर नळ आहे. रबरी नळी जोडली की अर्ध्या तासात टाकी भरते. पण नळी उलगडायची, जोडायची, पुन्हा गुंडाळायची याचा आम्हा बोटवाल्यांना असा काही कंटाळा, की त्यासाठी आम्ही वाळवंटातल्या काफिल्यासारखे राहतो. आणि मग त्या कंटाळ्याला काटकसर म्हणतो.

भाषण मी आत्याला बैठकीत बसवून, चहा देऊन, जरा संकोचानेच ऐकवलं. ती नीट ऐकत होती. वर्गात तपासनीस आल्यावर बाई ज्या चेहऱ्याने ऐकतात तसा चेहरा.

"टाकीत किती मावतं म्हणालास?"

"२०० लिटर."

"किती दिवस पुरवता?"

"दोघांना पाच दिवस जातं," मी जरा अभिमानाने सांगितलं.

आत्याने चहाचा घोट घेतला. "बरंच उधळता की," ती म्हणाली.

मला कुणासमोर भाषण करतो आहोत याचं भान यायला इतका वेळ का लागला, कुणास ठाऊक. दहावीनंतर मी आमच्या खेड्यातून लातूरला शिकायला आलो तो याच आत्याच्या घरी. लातूर पॅटर्नचं नाव तेव्हा सगळीकडे झालं होतं. गावोगावची पोरं गणित-विज्ञान घोकायला शहरात लोटत होती आणि शहराला स्वतःलाच प्यायला पुरत नव्हतं. नळ कित्येक दिवसांनी यायचा आणि तोही रात्री. त्याची वेळ ठरलेली नसे, त्यामुळे आत्या कानांनी झोपायची. पाइपात आधी नुसती हवा फुसफुसते, त्या आवाजावर ती उठायची आणि सगळ्यांना उठवायची: "नळ आलाय." मग हौद, पिंप, घागरी, कळशा, पातेली, वाट्यासुद्धा. शेवटी भरायला काही उरलं नाही की मला वाटायचं आता झोपावं, तर ती पेल्यांची फळी काढून आणायची. अंघोळीला एक बादली. त्या बादलीत मी उभा राहून अंघोळ करायचो, म्हणजे ते पाणी पुन्हा फरशीला आणि फरशीचं पाणी कढीपत्त्याला. आमच्या बोटीवरचे सगळे नियम मी त्या घरात शिकलो होतो आणि पुढे एका इंग्रजी पुस्तकात वाचून नवे म्हणून घेतले होते.

२०१६च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं, पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला पोचली: दहा वाघिणी, पाच लाख लिटर, ३४० किलोमीटरचा प्रवास. तोवर मी इकडे आलो होतो. बातमी पाहून घाबरून फोन केला तर आत्या स्टेशनावर गाडी बघायला जाऊन आली होती. "एवढं गाडीत बसून आलं बिचारं," ती पाण्याबद्दल म्हणाली, "त्याला लगेच कसं सांडायचं."

त्या त्रिकोणी खोलीतली तिची पहिली रात्र. तिथे झोपणाऱ्याच्या कानाशी बोटीची भिंत असते आणि भिंतीपलीकडे लगेच पाणी. मधलं अंतर बोटभर. दिवसा ते जाणवत नाही, रात्री मात्र वारा पडला की पाणी बोटीशी पुटपुटायला लागतं: चुळुक, गुळुक, मग एक लांब ओघळ. बोट मधूनच दोर ताणते आणि सोडते, जुन्या वादात कुणीतरी पुन्हा पुन्हा 'पण' म्हणावं तशी. मला या आवाजांनी झोप लागते. पाहुण्यांना लागत नाही, म्हणून मी सकाळी काय ऐकावं लागेल याची तयारी ठेवून झोपलो होतो.

केव्हातरी खांद्यावर हात पडला. "ऊठ रे. नळ आलाय."

मी उठलो. अंधारात ओट्याखालची बादली माझ्या हाताला बरोबर लागली, किटलीही घेतली, आत्याच्या हातात तांब्या होता, आणि आम्ही दोघं पायऱ्या चढून वर आलो. समोर सगळं बंदर भरतीने काठोकाठ भरलेलं. डोलकाठ्यांच्या टोकांना दिवे, त्यांच्या खाली पाण्यात तेवढेच दिवे. आम्ही भांडी घेऊन उभे. किती वेळ, ते सांगता येणार नाही. माझ्या बायकोने खालून डोकं वर काढून विचारलं की तुम्ही दोघं कुठे निघालात, तेव्हा आत्या आधी जागी झाली. तिने बंदराकडे पाहिलं, माझ्या हातातल्या बादलीकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली. मग म्हणाली, "सगळ्या गावाचा एकदम आला."

बोटीचा संडास हा पाहुण्यांना समजावून सांगायचा दुसरा, आणि बराच नाजूक, विषय. त्याला दांडा असतो. दांडा मागेपुढे करून समुद्राचं पाणी आत ओढायचं आणि सगळं पुढे ढकलायचं. सुशिक्षित, नोकरदार माणसं त्या दांड्यापुढे हतबल होऊन उभी राहिलेली मी पाहिली आहेत. आत्याने चार दांडे मारले आणि आतूनच आवाज दिला, "अरे, वायसर गेलंय याचं." हापशाचं पाणी भरण्यात ज्याचा जन्म गेला त्याला पंपाचं दुखणं दांड्याच्या हाताला कळतं. मी पंप खोलला. वायसर खरंच गेलं होतं. कितीतरी दिवस तो दांडा जड का जातो यावर मी वंगणाचे नाना प्रकार करून पाहिले होते.

कालनिर्णय तिने नकाशाच्या टेबलावर, बंदराच्या भरती-ओहोटीच्या पुस्तिकेशेजारी मांडलं आणि दोघांचा ताळा घ्यायला बसली. मोठं उधाण पौर्णिमा-अमावास्येला आणि भांगाची भरती अष्टमीला, हे तिने आयुष्यभर शिकवलेलं. इथे मात्र उधाण पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं. समुद्र असा उशिरा वर्गात येतो हे तिला आवडलं नाही. एवढं पाणी हलवायचं तर वेळ लागणारच, असं मी म्हणून पाहिलं. ती म्हणाली, चंद्र वेळेवर येतो ना? पण एक फायदा तिच्या लगेच ध्यानात आला. उधाणाच्या दिवसांत इथली ओहोटी साधारण भर दुपारी असते, म्हणजे तेव्हा तो लोखंडी पूल अगदी उभा. अष्टमीच्या पुढेमागे पाणी फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही, पूल दिवसभर बऱ्यापैकी सोसवेल असा. बाजार, लाँड्री, पेन्डेनिसच्या किल्ल्यापर्यंत फेरफटका, हे सगळं ती तिथीवर ठरवू लागली. शेजारचे म्हातारे आधी हसले. मग एकदा त्यांच्याकडे गॅसच्या दोन जड बाटल्या यायच्या होत्या, तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं की तुझ्या आत्याच्या कॅलेंडरात गुरुवार कसा आहे.

दिवेलागणीची मात्र पंचाईत झाली. जूनमध्ये इथे सूर्य साडेनऊपर्यंत हलत नाही. आत्या निरांजनात वात घालून बसायची आणि अधूनमधून बाहेर बघायची, एखाद्या लांबलेल्या भाषणात अध्यक्ष घड्याळाकडे बघतात तशी. शिवाय दिवा ठेवायचा कुठे? बोटीत उघड्या ज्योतीचं भय. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या तळाशी साठून राहतो, म्हणून त्याची बाटलीसुद्धा वेगळ्या कप्प्यात, जिथून गळलेला वायू बाहेर समुद्रात ओघळून जाईल अशी. सगळी बोट हुंगून झाल्यावर आत्याने जागा निवडली ती शेगडी. बोटीची शेगडी दोन खिळींवर टांगलेली असते. खिट्टी काढली की बोट कितीही कलली तरी ती पातळी सोडत नाही. एका संध्याकाळी मोठी मासेमारी बोट जवळून गेली आणि तिच्या लाटेने आमचं सगळं घर डुललं, पुस्तकं सरकली, कपात चहा हिंदकळला. निरांजनाची ज्योत तेवढी सरळ. आत्याने मला शेगडीला पाया पडायला लावलं.

एका रविवारी आम्ही पेन्डेनिसच्या टोकावर बसलो होतो. समोर बंदराचं तोंड. मी तिला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची गोष्ट सांगितली. १४ जून १९६८ला हा माणूस इथूनच एका ३२ फुटी बोटीत एकटा निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून २२ एप्रिल १९६९ला इथेच परत आला. असं करणारा तो पहिला. बंदरात शिरताना कस्टमच्या अधिकाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, कुठून आलात? तो म्हणाला, फालमथहून. आणि ती बोट, 'सुहेली', आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानाची. हे मी कुठल्याही मराठी माणसाला सांगतो तेव्हा जरा छाती काढूनच सांगतो, जणू लाकूड मी तासलं होतं.

आत्याने मुंबईची फारशी दखल घेतली नाही. "पाणी किती नेलं होतं?" तिने विचारलं.

मी सांगितलं की दक्षिणेकडच्या वादळी समुद्रात बोट आडवी झाली तेव्हा त्याच्या टाक्यांतलं पाणी खराब झालं, आणि पुढचा प्रवास त्याने बराचसा शिडावरून ओघळणारं पावसाचं पाणी धरून काढला. हे ऐकल्यावर ती सरळ होऊन बसली. वादळं, लाटा, एकटेपणा यांतून तिने त्या माणसाला माणूस म्हणून ओळखलं नव्हतं, आत्ता ओळखलं. पुढे 'सुहेली' ग्रेनिचच्या संग्रहालयात ठेवली होती, पण तिथल्या कोरड्या हवेत तिच्या फळ्या आक्रसायला लागल्या, म्हणून २००२ साली तिच्या मालकाने तिला बाहेर काढून पुन्हा पाण्यात नेलं, हेही सांगितलं.

"कोरडं सोसलं नाही तिला," आत्या म्हणाली. आणि मग, समुद्राकडे बघत, "आपल्याकडची असती तर सोसलं असतं."

त्याच आठवड्यात पाऊस आला. कॉर्नवॉलचा पाऊस नाट्यमय नसतो. तो काही जाहीर न करता सुरू होतो आणि थांबायचं विसरतो. आम्ही खाली पत्ते खेळत होतो. आत्याचं डावात लक्ष लागेना. डोक्यावरच्या काचेतून ती पावसाच्या रेषा बघत होती, मग उठून पायऱ्यांवर जाऊन उभी राहिली. मला वाटलं तिला पाऊस आवडला. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, आणि त्यात खरोखरची कळ होती: "सगळं गोडं पाणी खाऱ्यात चाललंय रे."

मी या बंदरात किती पाऊस पाहिला असेल. तो कुठे पडतो हे मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या दहा मिनिटांत आमच्या बोटीवर बादली, किटली, कुकर, दोन पातेली आणि तो पितळी तांब्या मांडला गेला. शिडाच्या आडव्या दांड्याच्या टोकाला पाण्याची सलग धार लागते हे तिने हेरलं आणि बादली तिथे टांगायला लावली. पहिलं पाणी तिने ओतून दिलं, शीड धुतल्याचं. त्यानंतरचं ठेवलं. संध्याकाळी त्या पाण्यात तिने लातूरची तूरडाळ शिजवली. तिकडे बोअरच्या जड पाण्यात ही डाळ शिजता शिजत नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजून शेजारीपाजारी कंटाळतात. इथे ती बघता बघता लोण्यासारखी झाली. आत्या डाव वर उचलून पुन्हा पुन्हा धार सोडून बघत होती. "लातूरची डाळ आणि हे पाणी," एवढंच म्हणाली. त्या वरणाचं एक भांडं शेजारच्या म्हाताऱ्यांकडे गेलं. रिकामं परत करताना त्यांनी कृती विचारली आणि माझ्या बायकोने जरा मिश्किलपणे सगळं श्रेय पाण्याला दिलं. पुढच्या सरीला त्यांच्या दांड्यालाही बादली लटकलेली दिसली. त्याच्या पुढच्या सरीला पलीकडच्या दोन बोटींना. नळ दहा पावलांवर असलेल्या धक्क्यावर लोक रेनकोट घालून बादल्या बदलत होते आणि एकमेकांच्या पातळीची चौकशी करत होते.

वाळवणाचा प्रयोग मात्र समुद्रपक्ष्यांनी जिंकला. ऊन पडल्याबरोबर आत्याने डेकवर धुतलेली चादर अंथरून साबुदाण्याच्या पापड्या घातल्या आणि स्वतः उशीवर, हातात बोट ओढायची आकड्याची काठी घेऊन बसली. फालमथचे ते करडे-पांढरे पक्षी लोकांच्या हातातली पेस्टी, म्हणजे इथली करंजी, पळवण्यात तयार झालेले. त्यांच्यापुढे लातूरच्या गच्चीवरच्या चिमण्या-कावळ्यांचा अनुभव तोकडा पडला. तरी तिने दोन दुपारी खिंड लढवली. धक्क्यावरून जाणारे लोक थांबून अदबीने चौकशी करत. एका गृहस्थांना वाटलं की हा शिडाच्या कापडाचा काही प्रकार असावा. त्यांना तळलेली एक पापडी मिळाली आणि ते दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा त्याच वाटेने गेले, जरा सावकाश.

जायचा दिवस तिने कालनिर्णयात पाहून अष्टमीचा धरला. बॅग आता हलकी होती, पूलही फार चढा नव्हता. लाँड्रीतून बॅग काढून आणायला शेजारचे म्हातारे गेले, कारण ती त्यांनीच पहिल्यांदा अडवली होती आणि आता ती त्यांना आपली जबाबदारी वाटत होती. निघण्याआधी आत्याने टाकीत काठी बुडवून पातळी पाहिली, वहीत लिहिली आणि वही माझ्या बायकोच्या हातात दिली, माझ्या नाही.

ती लातूरला पोचली त्याला आता बरेच दिवस झाले. रविवारी फोन होतो. जेवलास का, हे तिने विचारायचं सोडलं. आता विचारते, टाकीत किती? मी फळी उचलून काठी बुडवतो आणि बोटं मोजून सांगतो. मग मी विचारतो, नळ आला होता का? मागच्या वेळी आला होता म्हणाली, रात्री दीडला, अर्धा तास होता. एकटीने कसं भरलंस, असं विचारलं तर वरच्या मजल्यावर शिकायला राहिलेल्या एका पोराला उठवलं म्हणे. निलंग्याकडचा आहे, अभ्यासात बरा आहे. "पण लई वेळ हाका माराव्या लागतात त्याला," आत्या म्हणाली. "आणि वाट्या भरू म्हटलं तर हसायला लागतो."